पांढऱ्या ट्यूबची जप्ती

मुलांनो, ‘निसर्गचित्र काढा’ असं सांगितलं की तुम्ही कागदावर काय काढता, ते मी न बघता सांगू? दोन त्रिकोणी डोंगर. त्यांच्या बरोबर मधून डोकावणारा अर्धा सूर्य, त्याला सायकलच्या चाकासारख्या तारा. डोंगरातून निघून सरळ आपल्या अंगावर येणारी निळी नदी. तिच्या एका काठाला कौलारू झोपडी, दुसऱ्या काठाला कमरेत वाकलेलं नारळाचं झाड, आणि आभाळात इंग्रजी ‘व्ही’सारखे पाच पक्षी. बरोबर ओळखलं ना? यात जादू काही नाही. मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि असे डोंगर मी गठ्ठ्यांनी तपासले आहेत.

आता गंमत बघा. ही चित्रं काढणारी मुलं नागपूरची. धरमपेठेतली, गोकुळपेठेतली, रामनगरची. झोपडीशेजारी वाकलेला नारळ यांच्यापैकी किती जणांनी पाहिला असेल? आपल्याकडे कडुनिंब आहे, बाभूळ आहे, होळीच्या सुमारास पेटल्यासारखा दिसणारा पळस आहे. डोंगर म्हणायचा तर सेमिनरी हिल्स, आणि तिचा आकार काही समोशासारखा नाही. मग हे डोंगर येतात कुठून? ते दादाच्या वहीतून येतात, दादाच्या वहीत ताईच्या वहीतून आलेले असतात. म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं काही कागदावर उतरतच नाही. हातच हाताची नक्कल करत राहतो.

म्हणूनच मला धरमपेठेतल्या एका रविवारच्या वर्गाबद्दल तुम्हाला सांगायचं आहे. या वर्गाला नाव नाही, दारावर पाटी नाही, सर्टिफिकेट मिळत नाही. एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर रिकामा हॉल आहे. एरवी तिथे बारशी, हळदीकुंकू असलं काही होतं. रविवारी सकाळी सतरंज्या अंथरल्या जातात आणि वीस-बावीस मुलं पाण्याचे डबे घेऊन बसतात. शिकवणारे गृहस्थ चित्रकलेचे निवृत्त शिक्षक आहेत. ‘माझं नाव छापू नका’ असं त्यांनी बजावलं आहे, तेव्हा मुलं म्हणतात तसं आपणही त्यांना काकाच म्हणू. फी नाही. कोपऱ्यात बिस्किटांचा एक मोठा डबा आहे, ज्याला जमेल त्याने त्यात पैसे टाकायचे, त्यातून कागद आणायचे. कोण किती टाकतो ते बघायचं नाही, असा दंडक आहे. मुलंही सगळ्या तऱ्हेची. कुणी डॉक्टरांची मुलगी, तर कुणी त्याच डॉक्टरांकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचा मुलगा. सतरंजीवर मांडी घालून बसल्यावर सगळ्यांचे गुडघे सारखेच रंगतात.

नवीन मूल आलं की काका आधी त्याची रंगपेटी उघडायला लावतात आणि पांढरी ट्यूब काढून घेतात. सरळ जप्ती! मी पहिल्यांदा गेले तेव्हा चौथीतला एक मुलगा रडकुंडीला आला होता. “काहून घेऊन राहिले काका? मले ढग करायचे आहे न!” काका म्हणाले, “ढग कागदात आहे. त्याला तिथेच राहू दे. आभाळ रंगव त्याच्या भोवतीनं.”

मुलाला पटलं नाही. त्याने आभाळ निळं केलं आणि मध्ये एक वेडीवाकडी जागा नुसती सोडून दिली. मग दूर जाऊन बघितलं, आणि “बाप्पा!” एवढंच म्हणाला. ढग आला होता.

जलरंगाची सगळी मेख इथेच आहे. तैलरंग जाड असतात. काळ्यावर पांढरा फासला तरी चालतं, खालचं झाकलं जातं. पोस्टर कलरचंही तेच. जलरंग मात्र पारदर्शक. उजेड रंगाच्या पातळ थरातून आरपार जातो, खालच्या कागदावर आपटतो आणि परत आपल्या डोळ्यांत येतो. रंगीत काचेतून खिडकीबाहेर बघावं ना, तसं. म्हणून चांगलं जलरंगचित्र आतून उजळल्यासारखं दिसतं. त्यात पांढरा रंग कालवला की काच मळते. पेटीत पांढरी ट्यूब असते, मोठे चित्रकार कधीमधी ती वापरतातही, पण शिकताना ती जवळ असली की हात आळशी होतो. कुठे उजेड ठेवायचा, याचा विचार ब्रश भिजवण्याआधी करावा लागतो. नंतर उजेड वरून लावता येत नाही.

या उजेडाची एक खरी गोष्ट आहे. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधल्या कलादालनात एका स्त्रीचं चित्र आहे. तिच्या एका हातात दिवा आहे, दुसऱ्या हाताने तिने ज्योतीला आडोसा धरला आहे, आणि तो उजेड बोटांमधून झिरपून तिच्या चेहऱ्यावर पडला आहे. ‘ग्लो ऑफ होप’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. कॅलेंडरांवर तुम्ही ते नक्की पाहिलं असेल. अनेक लोक, अगदी शिकलेसवरलेलेही, ठणकावून सांगतात की हे राजा रविवर्म्याचं चित्र. ते खरं नाही. रविवर्मा १९०६ मध्ये वारले आणि हे चित्र त्यानंतर कितीतरी वर्षांनी झालं. ते काढलं सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी. हळदणकर आपले सावंतवाडीचे, जन्म १८८२ चा. दिवा घेऊन उभी राहिली होती त्यांचीच मुलगी, गीता. वयाची शंभरी ओलांडून २०१८ मध्ये त्या कोल्हापुरात वारल्या. आणि आता मुख्य गोष्ट ऐका. हे चित्र तैलरंगातलं नाही, जलरंगातलं आहे! रात्रीचा अंधार, दिव्याचा उजेड आणि बोटांमधली लाली, सगळं पाण्यात कालवलेल्या रंगाने.

याच हळदणकरांनी १९०८ मध्ये मुंबईत चित्रकलेचा वर्ग सुरू केला होता. पुढे तो ‘हळदणकर्स फाइन आर्ट इन्स्टिट्यूट’ म्हणून नावाजला. सरकारी जे. जे. कला विद्यालय तर १८५७ पासूनच होतं, पण प्रत्येकाला तिथे जाणं कुठे जमणार? आपल्या महाराष्ट्रात चित्रकला अशा छोट्या वर्गांमधून खूप रुजली. कुणाच्या माडीवर, कुणाच्या ओसरीवर, शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात. धरमपेठेतला हा हॉल त्याच घराण्यातला, असं मला वाटतं. काकांना मी तसं म्हटलं, तर ते म्हणाले, “मोठी नावं नका घेऊ मॅडम, सतरंजी झटकायला मदत करा.”

संत्र्याच्या दिवसाबद्दल सांगायलाच हवं. डिसेंबरात आंबिया बहराची संत्री बाजारात आली की एका रविवारी काका गोकुळपेठेच्या बाजारातून पिशवी भरून आणतात. प्रत्येकासमोर एक संत्रं. चित्र पूर्ण झाल्याशिवाय खायचं नाही. (नियम मोडणारे असतातच. एकाने अर्धं खाल्लं आणि मग ‘अर्धं संत्रं’ असं चित्र काढलं. ते बरं झालं होतं, म्हणून सुटला.)

पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यांची संत्री तयार होतात. गोल काढायचा, त्यात ट्यूबमधला नारिंगी भरायचा, वर एक हिरवं पान चिकटवायचं. काका काही बोलत नाहीत. हातातलं संत्रं फिरवत विचारतात, “हे गोल आहे का रे?” मग मुलं बघू लागतात. नागपुरी संत्रं गोल नसतंच! देठाशी थोडं वर आलेलं, खाली चपटं, आणि साल ढिली, एखाद्या मोठ्या भावाचा स्वेटर घातल्यासारखी. रंग? देठापाशी हिरवट, मध्ये पिवळसर, एका बाजूला खरा नारिंगी, आणि जिथे खिडकीचा उजेड पडतो तिथे चक्क पांढरा ठिपका. सावली? “काळी,” सगळे एका सुरात. काका एकेकाला वाकून बघायला लावतात. सावलीच्या कडेला संत्र्याचीच तांबूस झाक सांडलेली असते आणि पुढे ती निळसर होत जाते. एक मुलगी म्हणाली, “काका, सावली पण संत्र्याचीच आहे न!” आपल्या या संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पेपरात मोठी बातमी आली होती. पण नागपूरच्या मुलांनी ते नीट पाहिलं ते या सतरंजीवर.

आता थोडं विज्ञान. घाबरू नका, चहा सांडण्याचं विज्ञान आहे.

नागपुरात जलरंग शिकणं म्हणजे ऋतूंशी मारामारी. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. आभाळाचा निळा हात फिरवायला लागावं, तर ब्रश उजव्या टोकाला पोचेपर्यंत डावं टोक वाळलेलं असतं आणि मध्ये पट्ट्यांची कडा उमटते. म्हणून उन्हाळ्यात वर्ग सकाळी साडेसहाला भरतो. कूलर लावला तर कागद फडफडतात, मग चारी कोपऱ्यांना कपड्यांचे चिमटे. ऑगस्टमध्ये उलटं. हवेत इतका दमटपणा की एक थर वाळायची वाट बघत मुलं अंताक्षरीच्या तीन फेऱ्या खेळतात. ज्याला धीर नाही तो ओल्या रंगावर पुन्हा पाण्याचा ब्रश लावतो. मग काय होतं? नवीन पाणी जुन्या रंगाला ढकलत जातं आणि कागदावर फुलकोबीसारखा डाग उमटतो. मुलं त्याला ‘कोबी झाली’ असंच म्हणतात. कोबी झाली की काका हसतात. “राहू दे. उद्या झाड काढशील तेव्हा मुद्दाम कर.”

आणि ती कडा? रंगाचा थेंब वाळला की त्याची किनार गडद का होते? हे तुम्ही घरी करून बघा. जुन्या कागदावर चहाचा एक थेंब टाका आणि हात न लावता वाळू द्या. मध्ये फिकट आणि भोवती तपकिरी कडं दिसेल. थेंबाची कड कागदाला घट्ट धरून बसते, आणि तिथलं पाणी सर्वांत झटपट उडून जातं. ती उणीव भरायला मधलं पाणी कडेकडे धावतं आणि जाताना रंगाचे कण सोबत नेतं. पाणी उडतं, कण तिथेच साचतात. किती साधी गोष्ट! माणूस शेकडो वर्षं पेय सांडतोच आहे, पण त्या डागाच्या कड्याचा नीट उलगडा शिकागो विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी केला तो १९९७ मध्ये. ‘नेचर’सारख्या मोठ्या विज्ञानपत्रिकेत तो छापून आला. तेव्हा पुढच्या वेळी चहा सांडला तर आईला सांगा, प्रयोग चालू आहे. (मार बसला तर मी जबाबदार नाही.)

आणखी एक प्रयोग. ओल्या निळ्या रंगावर जाड मिठाचे चार खडे टाका. वाळल्यावर मीठ झटका. खडा पडला होता तिथे पाणी ओढलं गेलेलं असतं आणि कागदावर चांदण्या उमटतात. ही युक्ती एकदा कळली की मुलं महिनाभर प्रत्येक चित्रात रात्रच काढतात, एवढं एकच त्यात संकट आहे.

रंगाच्या ट्यूबमध्ये असतं काय, ठाऊक आहे? रंगाची बारीक पूड आणि ती कागदाला धरून ठेवायला डिंक. हो, डिंकच! थंडीत आजी ज्याचे लाडू करते त्याचा भाऊबंद. जलरंगासाठीचा नावाजलेला डिंक आफ्रिकेत, सुदानकडच्या भागात, बाभळीच्या जातीच्या झाडांपासून मिळतो. तो पाण्यात विरघळतो, म्हणून वाळलेली रंगाची वडी ओला ब्रश लावला की पुन्हा जागी होते. पुडीचीही गंमत आहे. ‘यलो ऑकर’ म्हणजे निव्वळ पिवळी माती. ‘बर्न्ट सिएना’ म्हणजे इटलीतल्या सिएना गावच्या नावाची माती, भट्टीत भाजून तांबूस केलेली. आपली वीटही भाजल्यावर लाल होते ना, तसंच. ‘प्रशियन ब्ल्यू’ बर्लिनच्या एका रंगवाल्याला अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सापडला तो लाल रंग करायला गेला असताना! आपल्याकडे १९३१ मध्ये मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईचा धंदा सुरू केला, त्यातूनच पुढे तुमच्या ओळखीची उंट छाप रंगपेटी आली.

ब्रशबद्दल मात्र गंभीरपणे सांगते. आई-बाबांनीही वाचावं. बाजारात कधीकधी ‘अस्सल केसांचा’ म्हणून तपकिरी-करड्या पट्ट्यांचा ब्रश मिळतो. तो मुंगसाच्या केसांचा असू शकतो. ते केस काही मुंगसाला न्हाव्याकडे नेऊन आणलेले नसतात, त्यासाठी मुंगूस मारतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसाला संरक्षण आहे आणि असे ब्रश विकणं गुन्हा आहे. २०१९ मध्ये या धंद्यावर देशात ठिकठिकाणी धाडी पडल्या होत्या. काकांच्या वर्गात सगळे ब्रश नायलॉनचे. एक गोल मोठा, एक गोल बारीक, एक चपटा. बस. कालवायला पॅलेट नसेल तर घरातली पांढरी बशी.

आता पालकांकडे वळते, आणि जरा स्पष्ट बोलते. या वर्गात पालकांना दाराच्या आत यायला बंदी आहे. आधी नव्हती. आई शेजारी बसायची, मुलाचा हात धरायची, “असं नाही रे, आण इकडे” म्हणत ब्रशच काढून घ्यायची. चित्र सुंदर व्हायचं. खाली मुलाचं नाव. मूल मात्र त्या चित्राकडे परक्याच्या घरात बसल्यासारखं बघायचं. आमच्या शाळेतही ‘पालकांचा गृहपाठ’ मी रोज तपासते, त्यामुळे मला हे नवीन नाही. दुसरा प्रश्न दारातूनच येतो, “एलिमेंटरी-इंटरमिजिएटला याचा उपयोग होईल ना?” कला संचालनालयाच्या या परीक्षा चांगल्याच आहेत, त्यांच्यामुळे महाराष्ट्रातल्या लाखो मुलांच्या हातात ब्रश आला. पण त्यात ‘स्मरणचित्र’ नावाचा विषय असतो. स्मरणातून काढायचं चित्र. आणि होतं काय? मुलं ‘भाजीबाजार’ आणि ‘बसस्टॉप’ पाठ करून जातात! भाजीवाली कुठे बसवायची, छत्री कुठे, कुत्रं कुठे, सगळं ठरलेलं. स्मरण आहे, पण ते बाजाराचं नव्हे, गाइडाचं.

खरं स्मरणचित्र मी या हॉलमध्ये पाहिलं. पण त्याआधी अंबाझरीचं सांगायला हवं.

थंडीत काका मुलांना अंबाझरी तलावावर नेतात. धरमपेठेतून सायकलने दहा-पंधरा मिनिटं. हा तलाव १८७० सालचा, शहराला पाणी मिळावं म्हणून बांधलेला. एकाच जागी बसून तोच तलाव सकाळी सातला, नऊला आणि पुन्हा संध्याकाळी काढायचा. मुलं कुरकुरतात. “काका, तोच तर आहे न!” मग काका कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांची गोष्ट सांगतात. जे. जे.मध्ये शिकलेला हा थोर चित्रकार, शाहू महाराजांचा त्यांना आश्रय होता. कोल्हापुरात कोटितीर्थ तलावाच्या काठी ते साधेपणाने राहिले आणि त्या एका तलावाला वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या उजेडात रंगवत राहिले. १९३१ मध्ये ते गेले. त्यांची कितीतरी चित्रं आज हाती नाहीत, पण जी आहेत त्यांतलं पाणी बघताना हवा गार आहे की उष्ण, हेसुद्धा कळतं. मुलांनी एकदा तीन वेळचे तीन कागद शेजारी ठेवले. सातचं पाणी राखी, नऊचं चकचकीत, संध्याकाळचं केशरी. त्यातला एकही निळा नव्हता. ‘पाणी निळं असतं’ हे त्या दिवशी बावीस मुलांच्या डोक्यातून पुसलं गेलं.

आणि मग २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट. नागपूरकरांना ती सांगायला नको. अवघ्या चार तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. अंबाझरी ओसंडला, नाग नदी पात्र सोडून वस्त्यांमध्ये शिरली. अंबाझरी लेआउटपासून पुढे खाली लोक झोपेतून उठले ते पाण्यात पाय ठेवूनच. माणसं गेली, गुरं गेली, गाड्या वाहून एकमेकींवर चढल्या. पाणी ओसरल्यावर घराघरांतून चिखलाची पोती निघाली.

वर्गातली सहावीतली एक मुलगी तळमजल्यावर राहायची. तीन रविवार ती आली नाही. आली तेव्हा नवी वही, नवी रंगपेटी, कुणीतरी दिलेली. कुणी तिला काही विचारलं नाही. मुलं अशा बाबतीत मोठ्यांपेक्षा शहाणी असतात. तीही काही बोलली नाही. तिने गणपती काढला, फुलदाणी काढली, छान नीटनेटकी.

जानेवारीत वर्गाचं प्रदर्शन असतं. हॉलच्या दोन भिंतींना दोऱ्या बांधायच्या, प्रत्येकाचं एक चित्र चिमट्याने लावायचं, शेजारपाजारच्यांना बोलवायचं. आदल्या रविवारी ही मुलगी एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी मागून बघितलं. तिने भिंत काढली होती. नुसती एक पिवळसर भिंत, आणि तिच्यावर आडवी एक रेघ. रेघेच्या वर भिंत स्वच्छ, खाली तपकिरी. खाली फ्रिज आडवा पडलेला. वर पंख्याला बांधलेल्या दोरीवर पुस्तकं, पोटात दुमडून, कपड्यांसारखी वाळत घातलेली. माणूस एकही नाही.

तो तपकिरी तिने ट्यूबमधला घेतला नव्हता. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन भरपूर पाण्यात कालवले होते. या दोन्ही रंगांचे कण तसे जड. पातळ करून खरबरीत कागदावर पसरले, की पाणी उडून जाताना ते कागदाच्या खळग्यांमध्ये तळाला बसतात. दाणेदार दिसतात. गाळ बसतो अगदी तसेच. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. आधी तिने कागदाच्या दुसऱ्या बाजूला सात-आठ वेळा करून बघितलं होतं, ते डाग मला नंतर दिसले.

तिच्या आईला हे चित्र लागायला नको होतं. आई दारात उभी राहून काकांना म्हणाल्या, “भाऊ, गणपतीचं लावा न. किती सुंदर केला आहे तिनं. हे कशाला? आम्ही विसरायचं पाहून राहिलो.” त्यांचं काय चुकलं, सांगा. ज्यांनी ती भिंत स्वतः चार वेळा धुतली, त्यांनी ती पुन्हा कागदावर का बघायची? काका गप्प राहिले. मलाही बोलायला काही सुचलं नाही. शेवटी काका एवढंच म्हणाले, “ताई, मी लावणार नाही आणि काढणारही नाही. चिमटा तिच्या हातात आहे.” मुलीने आईकडे बघितलं. दोन्ही कागद हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली. आई वळून निघून गेल्या. तिने भिंत लावली. तिच्याखाली, त्याच चिमट्यात, गणपतीही लावला.

प्रदर्शनाच्या दिवशी लोक आले. संत्र्यांसमोर हसले, मिठाच्या चांदण्यांचं कौतुक केलं, आपापल्या नातवाचा फोटो काढला. त्या चित्रापाशी मात्र गर्दी थांबत होती. एक आजोबा म्हणाले, “आमच्याकडे इथपर्यंत होतं,” आणि त्यांनी हात कमरेला लावला. शेजारच्या बाईंनी छातीला लावला. एक रिक्षावाले काका आत येऊन बघत होते, त्यांनी गुडघा दाखवला आणि म्हणाले, “पण गाडी गेली.” अनोळखी माणसं एकमेकांना आपल्या अंगावर पाणी मोजून दाखवत होती. चार महिने झाले होते, आणि शेजारी राहणाऱ्यांनाही एकमेकांची उंची ठाऊक नव्हती.

आई बाराच्या सुमारास परत आल्या. दुरून बघितलं, मग जवळ गेल्या. बोट न लावता रेघेपाशी हात नेला. “थोडी वर होती,” त्या मुलीला म्हणाल्या. “स्विचबोर्डाच्या वर.” मुलगी म्हणाली, “मी ओट्यावर बसली होती न आई. मला तिथून एवढीच दिसत होती.” त्यावर आई काही बोलल्या नाहीत. पदराने घाम पुसला आणि सतरंजीच्या कडेला बसल्या, प्रदर्शन संपेपर्यंत. जाताना दोन्ही कागद त्यांनीच गुंडाळून नेले. भिंतीचा आत, गणपतीचा बाहेर.

पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा त्या मुलीसमोर पाण्याने भरलेला काचेचा ग्लास होता. जलरंगात काचेतलं पाणी दाखवणं फार अवघड, कारण त्याला स्वतःचा रंगच नसतो. मागचं दार, शेजारचं संत्रं, खिडकीचे गज, जे असेल ते त्यात उलटंसुलटं दिसतं, आणि कुठेतरी एक बारीक पांढरी रेघ राखून ठेवावी लागते. तिचे तीन कागद फुकट गेले होते. चौथ्यावर ती रेघ राखायला विसरली आणि चिडून म्हणाली, “काका, पांढरी ट्यूब द्या न एक मिनिट!”

काकांनी बिस्किटांच्या डब्यातून पाचवा कागद काढून दिला.